कमर, कमरा आणि कामार : एकाच घरातले शब्द आहेत का?

चोपडेकर:
मंडळी, माझा भाचा समरकंदला एमबीबीएसला आहे, तो सांगत होता की तिकडे उझबेकमधे पट्ट्याला कमर म्हणतात, गाडीतला सीटबेल्ट पण कमरच. हे पटतं, आपली कंबर आलीच त्यात. पण आमच्या शेजारचे बालीला जाऊन आले, तिथं बाथरूमवर 'कामार मांडी' लिहिलेलं! आणि हंगेरीत म्हणे लोणची-पीठ ठेवायच्या खोलीला 'कॉम्रॉ' म्हणतात. हे सगळं एकातूनच निघालं का?

भुसावळ_जंक्शन:
भारी सवाल शे भो! नाही, दोन वेगळी घराणी आहेत. उझबेक कमर फारसीतून गेला, तिथं त्याचा अर्थ पट्टा, कंबरेला ते लोक 'बेल' म्हणतात. आपली कंबर, कमरबंद त्याच फारसी कमरचे. बाकीचे दोन लॅटिन 'कामेरा'चे, आणि तो ग्रीक 'कमारा'वरून, म्हणजे कमानीचं छत. इंडोनेशियात डचांचा 'कामर' गेला, त्यांनी १६१९ मधे बटाव्हिया वसवलं ना, तेच आजचं जकार्ता. मांडी म्हणजे तिकडे आंघोळ, पायाशी काही संबंध नाही, आणि 'कामार तिदुर' म्हणजे झोपायची खोली. हंगेरीत तर १८४४ पर्यंत सरकारी कारभार लॅटिनमधेच चालायचा, मग असे शब्द घरात शिरणारच.

वाघूरकाठ:
आणि आपला कमरा? बरेच जण तो फारसी समजतात कारण कमरसारखा दिसतो, पण तो पोर्तुगीज 'कामरा'वरून आलाय, म्हणजे हंगेरीच्या कॉम्रॉचा सख्खा भाऊबंद. वसई १५३४ ते १७३९ त्यांच्याकडेच होती. फोटोचा कॅमेरा पण त्यातलाच, 'कामेरा ऑब्स्कुरा' म्हणजे अंधारी खोली. कॉम्रेडसुद्धा! स्पॅनिशमधे एका खोलीत राहणारा तो कामाराडा. मला हे फार आवडतं, मोर्च्यात घोषणा देताना कोणाच्या डोक्यात खोली येते का सांगा.

धुळ्याची_लेक:
मी हंगेरीत मेडिकलला आहे म्हणून अजून एक. इथं हृदयाच्या खालच्या कप्प्याला 'सीवकॉम्रॉ' म्हणतात, सीव म्हणजे हृदय. आणि वरच्या कप्प्याला 'पित्वॉर', जुन्या खेड्यातल्या घराची पुढची ओसरी असते ना, ती. रक्त आधी ओसरीत येतं मग कोठीच्या खोलीत जातं, आमच्या कापडण्याच्या घरात धान्याची पोती यायची तसंच, त्यामुळे अॅनाटॉमीत मला हे दोन शब्द पाठ करावेच लागले नाहीत.

चोपडेकर:
वा ताई! मग उझबेकमधे खोलीला काय म्हणतात?

भुसावळ_जंक्शन:
'खोना'. आपल्या दवाखान्यातला खाना तोच, चहाच्या दुकानाला चोयखोना म्हणतात. भाच्याला विचारा, रोज जात असेल.