शब्दचर्चा : १६०१ च्या सामानयादीतील ‘कार्पेट’, ‘कपबोर्ड’ आणि ‘बेड’

प्रश्न : इंग्लंडमधील कंट्री हाउसांच्या जुन्या फर्निचरवर मी पदव्युत्तर प्रबंध लिहीत असून त्यात डर्बीशायरमधील हार्डविक हॉलच्या १६०१ सालच्या सामानयादीचा मराठी गोषवारा द्यायचा आहे. ‘कार्पेट’साठी गालिचा, ‘कपबोर्ड’साठी कपाट आणि ‘बेड’साठी पलंग हे शब्द मी योजले आहेत. ते योग्य आहेत का? ‘कंट्री हाउस’ला वाडा म्हणावे काय?

उत्तर : तिन्ही शब्द आजच्या इंग्रजीला धरून बरोबर आहेत, आणि अडचण तीच आहे. हार्डविक हॉलची मालकीण एलिझाबेथ टॅलबट, म्हणजे ‘बेस ऑफ हार्डविक’, हिने मृत्युपत्राबरोबर ही यादी करविली आणि सामान त्याच घरात राहावे अशी तजवीज केली. त्यामुळे यादीतील अनेक वस्तू आजही तेथे प्रत्यक्ष ताडून पाहता येतात. आपला मराठी शब्द वस्तूला चुकीच्या जागी ठेवत असेल, तर ते लगेच उघडे पडेल.

त्या काळी ‘कार्पेट’ बहुधा मेजावर पसरले जाई. जमिनीवर अंथरायचे असल्यास ‘फुट कार्पेट’ असे वेगळे लिहीत. ‘गालिचा’ वाचताच मराठी वाचक पायांखाली पाहतो. म्हणून ‘मेजावरचा गालिचा’ असे पूर्ण लिहावे. ‘मेजपोश’ लिहिल्यास सुती कापड डोळ्यांपुढे येते आणि लोकरीचे विणकाम हरवते.

‘कपबोर्ड’ हा मुळात पेले मांडून ठेवण्याचा फळा. त्याला दारे असतीलच असे नाही, तेव्हा ‘मांडणी’ हा आपला स्वयंपाकघरातील शब्द येथे चपखल बसतो. दारांच्या कपाटाला तेव्हा ‘प्रेस’ म्हणत, आणि ‘कपाट’ शब्द त्यासाठीच राखून ठेवावा. (आपल्या ‘कपाट’चा प्रवासही कमी वळणांचा नाही. संस्कृतात ते दाराची फळी आहे, आणि ‘केदारनाथचे कपाट उघडले’ ही हिंदीतून जशीच्या तशी उचललेली बातमी वाचून मराठी माणूस अजूनही क्षणभर थबकतो.)

‘बेड’बाबत सर्वांत अधिक जपावे लागेल. लाकडी सांगाडा म्हणजे ‘बेडस्टेड’. ‘बेड’ म्हणजे बहुतेक वेळा गादी, किंवा गादीसह पडदे, छत, झालर असा सगळा सरंजाम. किंमत या कापडांत असे, सुतारकामात नव्हे. ‘पलंग’ लिहिताच हे प्रमाण उलटे होते, आणि श्रीमंती कोठे दिसत होती हा प्रबंधाचा मुद्दाच निसटतो. ‘बेडस्टेड’ला पलंग आणि ‘बेड’ला बिछाना म्हणावे, ‘फेदरबेड’ ही अर्थात पिसांची गादी.

दुसरे उत्तर : वरील मताशी सहमत आहे. ‘वाडा’ मात्र नको, कारण वाडा म्हटला की चौक आला, आणि वास्तुरचनाकार रॉबर्ट स्मिथसनच्या आराखड्यातील हार्डविक हॉल चौकाभोवती बांधलेला नाही. ‘ग्रामीण घर’ तर हास्यास्पद होईल. ‘कंट्री हाउस’ तसेच ठेवून पहिल्या उल्लेखाजवळ ‘जमीनदार घराण्याचे जहागिरीवरील निवासस्थान’ एवढा खुलासा पुरे.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. ‘क्लॉझेट’चे काय करावे?

दुसरे उत्तर : ते कपाट नव्हे, खोली आहे. शयनगृहालगत वाचन, प्रार्थना किंवा मौल्यवान वस्तूंसाठी राखलेली ती लहान खाजगी जागा असे. ‘कोठडी’ला तुरुंगाचा वास येतो, ‘आतली खोली’ पुरेसे आहे.