वचनाची चिठ्ठी, ३१ डिसेंबरची रात्र आणि दोस्त मंडळी: तुमचेही अनुभव लिहा

सावेडीचा_पोरगा

सर्वांना सलाम. खोली बदलतोय. पुण्यात चार वर्षांत ही चौथी. मालकाच्या मुलाचं लग्न ठरलंय म्हणजे आमची गादी बाहेर. पुस्तकं बांधताना पवित्र शास्त्राच्या चेनवाल्या कव्हरात एक चिठ्ठी सापडली. वॉच नाईटला, म्हणजे ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या चर्चमधल्या उपासनेला मिळते ना, गुलाबी कार्डावर बायबलमधलं एक वचन छापलेली, तीच. मागं पेनानं ३१-१२-२०२० लिहिलेलं. अक्षर माझं नाही.

ते साल आठवा. महापालिकांच्या हद्दीत रात्री अकरानंतर संचारबंदी होती, म्हणून आमची बाराची उपासना संध्याकाळी सातला झाली. एका बाकावर दोघंच, तोंडाला मास्क, गाणी पुटपुटल्यासारखी. साक्षीची वेळ आली की आम्ही तरुण संघवाले दरवर्षी मागच्या बाकावर बसून आपापले बूट बघायचो. वर्षभराचे उपकार मोठ्यांनी मोजायचे, आम्ही केकची वाट बघायची, अशी वाटणीच होती.

त्या वर्षी माझा मित्र उभा राहिला. वडिलांचं काम दिवाळीआधीच सुटलेलं, हा सकाळी दुधाच्या पिशव्या टाकायचा. म्हणाला, "यंदा आमच्या घरातलं कुणी गेलं नाही. त्याबद्दल आभार." आणि बसला. पाळकसाहेबांनाही पुढचं गाणं सांगायला जरा वेळ लागला.

मग चिठ्ठ्या. मला निघालं स्तोत्र ९०:१२, दिवस मोजायला शिकव वगैरे. १९ वर्षांच्या पोराला ते काय पचणार? त्याला यिर्मया २९:११, चांगल्या दिवसांचं, आशेचं. मी म्हणालो बदलतो का. त्यानं एका सेकंदात बदलली. त्या वर्षी ती खरी कुणाला लागत होती हे मला आज, खोकी बांधताना कळतंय.

२०२२ ला सहलीच्या हिशोबावरून आमचं वाजलं. १४०० रुपये. तेव्हापासून बोलणं बंद. नाताळला त्याच्या आईला भेटतो, तो असेल तर चौकातून परत फिरतो.

नव्या वर्षाकडं मागणं तीनच. नोकरी राहू दे, आईचा गुडघा जरा बरा होऊ दे आणि ही चिठ्ठी ज्याची आहे त्याला परत जाऊ दे. तुमच्याकडं असलं काही असेल तर लिहा. चर्चला जाणारे, न जाणारे, केकपुरते येणारे, सगळे.

कुपारी_कन्या

आमच्या वसईत चिठ्ठ्या नाहीत. आमची ३१ ला आभाराची मिस्सा आणि १ तारखेला मरियामातेचा सण, म्हणजे रात्रभर जागून सकाळी परत देवळात. झोप नावाचा प्रकार नाही.

पण म्हातारा! पेंढा भरून केलेला म्हातारा नाक्यावर बसवायचा, येणाऱ्याजाणाऱ्याकडून पैसे गोळा करायचे आणि बाराला जाळायचा. ही सगळी पोरांची मक्तेदारी. आम्ही मुलींनी एका वर्षी वैतागून आमची म्हातारी केली. लुगडं, अंबाडा, गजरा, सगळं. पोरांपेक्षा दुप्पट पैसे जमले. फक्त आतला पेंढा कमी पडला म्हणून मी घरातनं एक जुना शर्ट आणून कोंबला. तो जुना नव्हता. पप्पांनी मामाच्या लग्नासाठी शिवलेला. बारा वाजता म्हातारी पेटली आणि पप्पा शेजारी उभे राहून टाळ्या वाजवत होते. ७ तारखेला लग्न. पुढचं विचारू नका.

त्या चौघींपैकी दोघी आता कॅनडात, एक नणंद झाली माझी. तिच्याबद्दल आभार मानायचे की नाही ते वर्षअखेरीस ठरवेन.

अर्धी_भाकर

नणंद वाचत असेल हं 😂

कुपारी_कन्या

तिनंच लिंक पाठवली.

मिरजेच्या_काकू

लेकरा, १४०० रुपयांवरून तीन वर्षं? फोन कर आधी, खोकी नंतर बांध.

मी नर्स होते. आता निवृत्त. शिकायला मिरजेला आले तेव्हा १८ ची. पहिल्याच वर्षी ३१ ला रात्रपाळी लागली म्हणून रडले. वॉर्डात एक आजी होत्या जतकडच्या, माळकरी. मला विचारलं, पोरी, आज तुमचा सण ना मग इथं का. मी म्हणाले ड्युटी. तर म्हणाल्या, मग इथंच म्हण तुझं भजन, आम्ही ऐकतो. बाराच्या ठोक्याला मी हळू आवाजात ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांचं एक पद म्हटलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी स्टीलच्या पेल्यावर ताल धरला. आजी शेवटी म्हणाल्या, हे तर आमच्यासारखंच आहे की. तसंच आहे, रेव्हरंड टिळकांनी अभंग काही बाहेरून आणले नव्हते.

मोटर चालू राहिली वाटतं, येते.

इतिहासाचा_किडा

ही वॉच नाईट आली कुठून हे कुणी लिहिलं नाही म्हणून. मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळींनी जर्मनीत हेर्नहुटला १७३३ मध्ये वर्षाच्या शेवटच्या रात्री अशी उपासना केली असं सांगतात. पुढं इंग्लंडात जॉन वेस्ली या धर्मोपदेशकाच्या मेथडिस्ट पंथानं जागरण उचललं. ब्रिस्टलजवळच्या किंग्जवुडचे कोळसा खाणकामगार, जे आधी शनिवारची रात्र दारूच्या गुत्त्यात काढायचे, ते प्रार्थनेला रात्रभर बसू लागले. वेस्लीनं मग महिन्यातून एकदा, पौर्णिमेच्या जवळच्या शुक्रवारी हे ठेवलं. कारण अगदी साधं. लोकांना रात्री घरी चालत जायला उजेड हवा. म्हणजे दारू सोडलेल्या दोस्तांच्या टोळीनं धरलेली ही सवय आहे. देखणी देवळं आणि कॉयर नंतरचे. अमेरिकेत १८६२ च्या ३१ डिसेंबरला गुलामीतले काळे ख्रिस्ती लोक असेच जागे बसले होते, कारण दुसऱ्या दिवशी लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा लागू व्हायचा होता. अजून बरंच

अर्धी_भाकर

दादा, तुमचं वाचता वाचता पोळी करपली. पण पौर्णिमेचं आवडलं.

दोहा_ते_दापोडी

इथं कतारमध्ये आठवड्याची मोठी उपासना शुक्रवारी, कारण सुट्टी शुक्रवारी. २५ ला ड्युटी, ३१ ला ड्युटी. सगळी चर्चेस शहराबाहेर एकाच आवारात, आत जाताना तपासणी. केरळी, फिलिपिनो, तमिळ, एकाची उपासना संपते तोवर दुसरे दाराशी उभे. मराठी आम्ही मोजकेच, मग एकाच्या खोलीवर जमतो.

भारतात बारा वाजतात तेव्हा इथं साडेनऊ. मी ३१ ला रात्री साडेनऊला कँटीनमागं जाऊन आईला फोन करतो. ती फोन तसाच धरून ठेवते, मला घंटा ऐकू येते, मंडळी गाते ते ऐकू येतं, मग कुणीतरी ओरडतं 'फोन बंद करा'. गेली तीन वर्षं तोच माणूस ओरडतो. त्याच्याबद्दलही आभार, आवाज ओळखीचा झालाय.

रूममेट नेपाळी. माझ्यासाठी यंदा त्यानं पेपरचा तारा करून खिडकीत लावला. सहा टोकं झालीत, चालेल.

न_जाणारा

मी न जाणाऱ्यांपैकी. लिहू का नको असं झालं होतं.

एप्रिल २०२१ मध्ये पप्पा गेले. ऑक्सिजनच्या खाटेसाठी आम्ही रात्रभर फिरलो. जिथं मिळाली तिथं उशीर झाला होता. दफनाला माझ्यासोबत पाच जण. पाचही तरुण संघातले, ज्यांच्यासोबत मी फक्त नाताळची कॅरोल फेरी केली होती. पीपीई किट घालून त्यांनी पेटी उतरवली. कोण कोण होतं ते मला किटमुळं कळलंच नाही, नंतर एकेकाच्या चपला आठवून ओळखलं. पुढचे १४ दिवस दाराबाहेर डबा. कुणी पाठवला कधी कुणी सांगितलं नाही. भाजीवरून अंदाज बांधायचो, गवारीत गूळ म्हणजे अमुक काकूंची.

देवाशी माझं अजून भांडण आहे. रविवारी जात नाही. त्या पाच जणांना मात्र दर ३१ ला चहाला बोलावतो. कुणी प्रार्थना करू का विचारलं तर कर म्हणतो, मी कप धुवायला आत जातो. मागच्या वर्षी कप लवकर धुवून झाले, मग उभा राहिलो दारात.

मिरजेच्या_काकू

बाळा. 🙏 काही म्हणत नाही. चहा चालू ठेव.

सावेडीचा_पोरगा

@न_जाणारा भाऊ, चपलांचं वाचून थांबलोच. धन्यवाद लिहिल्याबद्दल.

बेकरीवाला_नातू

आमचा अनुभव पिठाचा. आमची बेकरीही सावेडीवाल्या भाऊच्या नगरलाच (अहिल्यानगर म्हणा, माझ्या तोंडात अजून नगरच). नाताळच्या आठवड्यात बायका मैदा, तूप, पिठीसाखर घरून आणायच्या आणि नानकटाई आमच्या भट्टीत भाजून न्यायच्या. आम्ही मुसलमान. दादाजान प्रत्येक ट्रेवर खडूनं नाव लिहायचे. एका वर्षी पावसानं सगळी नावं पुसली, डिसेंबरात पाऊस! सगळ्यांची नानकटाई सगळ्यांच्या घरी गेली. भांडायला कुणी आलं नाही. उलट एक मावशी दरवर्षी विचारायच्या, त्या वर्षीची कुणाची होती हो, फार खुसखुशीत होती.

माझा जिगरी दोस्त ख्रिस्ती. रमजानमध्ये तो माझ्यासमोर खात नाही, मी त्याच्याकडं नाताळचा फराळ दोनदा खातो. बरोबरी झाली.

अर्धी_भाकर

नानकटाईत रवा घालता का? आमची नेहमी पसरते.

बेकरीवाला_नातू

थोडा बेसन आणि थोडा रवा. पसरते म्हणजे तूप पातळ वापरता. थिजलेलं घ्या, चांगलं फेसा.

पोरगी_एमपीएससीवाली

अभ्यासिकेतून. पाच मिनिटं ब्रेक.

मला तीन वर्षं लागोपाठ यिर्मया २९:११ आलंय आणि तीन वर्षं लागोपाठ पूर्व परीक्षा गेलीय. यावेळी दुसरं काहीही येऊ दे, बायबलमधल्या दुःखी ईयोबाचं आलं तरी चालेल.

आभार कुणाचे तर शेजारच्या खुर्चीवरच्या मैत्रिणीचे. ती पंढरपूरची. तिच्या एकादशीला मी तिच्यासोबत साबुदाणा खाते, उपवास नसून. लेंतात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, मी मटण सोडते तर ती म्हणते मीही सोडते. ती शाकाहारीच आहे. मागच्या ३१ ला दोघी वॉच नाईटला गेलो. साक्षीला हीच उभी राहिली! म्हणाली, मी इथली नाही, पण ही मुलगी मला रोज सकाळी पाचला उठवते त्याबद्दल देवाचे आभार. अख्खी मंडळी हसली. मला अजून तोंड दाखवायला लाज वाटते.

ब्रेक संपला.

इतिहासाचा_किडा

@पोरगी_एमपीएससीवाली तुमच्यासाठी एक. यिर्मयाचं ते पत्र बाबेलला धरून नेलेल्या लोकांना होतं. त्याच्या आदल्याच ओळीत ७० वर्षं थांबायला सांगितलंय.

पोरगी_एमपीएससीवाली

वयोमर्यादा ओलांडेल हो दादा 😭

दोहा_ते_दापोडी

हसून चहा सांडला.

सावेडीचा_पोरगा

अपडेट. काकूंचं ऐकून काल रात्री चिठ्ठीचा फोटो पाठवला त्याला. दोन्ही बाजू. सोबत लिहिलं, ही तुझी, माझी तुझ्याकडं आहे का. आणि १४०० पण पाठवले, म्हणजे परत विषय नको.

आत्ता उत्तर आलं. जसंच्या तसं देतो:

"तुझी आईनं फ्रिजवर चिकटवली होती. मागच्या वर्षी फ्रिज विकला, सोबत गेली. ७०० परत पाठवतोय, निम्मे माझेच होते चुकलेले. ३१ ला येतोयस का? बाक पकडून ठेव, मला दूध उतरवून यायला साडेअकरा होतील."

मिरजेच्या_काकू

बघ.

बेकरीवाला_नातू

फ्रिज कुणाला विकला? चिठ्ठी निघेल, गोंद कसला होता त्यावर आहे.

सावेडीचा_पोरगा

केडगावच्या एका आइस्क्रीमवाल्याला म्हणे.

कुपारी_कन्या

म्हणजे दिवस मोजायला आता तो शिकतोय. थंडीत आइस्क्रीम विकायचं तर लागतंच.