मदत हवी आहे: इन्सुलिन देऊनही स्नायूपेशींत ग्लायकोजन वाढत नाही

ऐरोलीकर: मंडळी, एल-६ पेशींचे (उंदराच्या स्नायूपेशींचा प्रयोगशाळेतला वाण) मायोट्यूब (पेशी जुळून झालेले स्नायूतंतू) केलेत (२ टक्के सीरम, ६ दिवस). १०० नॅनोमोलर इन्सुलिन १ तास देतो. मग पेशी खरवडून, उकळून अमायलोग्लुकोसिडेज (साठवलेल्या ग्लायकोजनचं ग्लुकोज करणारं एन्झाइम) घालतो आणि सुटलेलं ग्लुकोज मोजतो. इन्सुलिनच्या आणि बिनइन्सुलिनच्या वेलचे (प्लेटमधल्या खळग्यांचे) आकडे सारखेच येतात. मीडियम (पेशींचं पोषक द्रावण) २५ मिलीमोलर ग्लुकोजचं. इन्सुलिन मेडिकलमधली १०० युनिटवाली व्हायल. घोडं कुठे अडलंय?

पिपेटवाली: इन्सुलिनआधी सीरम काढलं होतं का? आणि पेशी किती वेळा धुतल्या?

ऐरोलीकर: सीरम तसंच ठेवलं होतं, ताई. पीबीएसने (मिठाच्या बफर द्रावणाने) एकदा धुतल्या.

पिपेटवाली: मग इथेच पाणी मुरतंय. वेलमध्ये ५० मायक्रोलिटर मीडियम राहिलं तरी त्यात २२५ मायक्रोग्रॅम ग्लुकोज असतं. त्यापुढे खरं ग्लायकोजन झाकलं जातं. गार पीबीएसने तीनदा धुवा, प्लेट तिरकी धरून दरवेळी शेवटचा थेंबही ओढून घ्या. शिवाय प्रत्येक नमुन्याचा एक भाग एन्झाइम न घालता मोजा आणि तो आकडा वजा करा.

दुसरं म्हणजे सीरममधल्या वाढ-घटकांनी पेशी आधीच जाग्या असतात. इन्सुलिनआधी ३-४ तास बिनसीरमचं, ५ मिलीमोलर ग्लुकोजचं मीडियम द्या. इतके दिवस २५ मिलीमोलरमध्ये राहिल्यावर कोठार भरलेलं असतं, आणि भरलेलं ग्लायकोजनच ग्लायकोजन सिंथेजला (ग्लायकोजन बनवणाऱ्या एन्झाइमला) आवर घालतं.

खारघर_लॅब: व्हायलचा हिशेब तपासा. १०० युनिट प्रति मिली म्हणजे साधारण ६०० मायक्रोमोलर, म्हणून १:६००० पातळ करायचं. एका दमात नको, दोन टप्प्यांत. शेवटच्या द्रावणात ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रथिन) घाला, नाहीतर इतकं पातळ इन्सुलिन प्लास्टिकलाच चिकटतं. व्हायलीत मेटाक्रेसॉलसारखं संरक्षक असतं, तेव्हा कंट्रोल (बिनइन्सुलिनच्या) वेलमध्येही ते तेवढंच जाऊ द्या.

एवढं करूनही फरक दिसला नाही तर १५-२० मिनिटांच्या इन्सुलिननंतर वेस्टर्न ब्लॉट लावा (प्रथिनाच्या ठरावीक जागेवरचं फॉस्फेट पट्टीच्या रूपात दाखवणारी चाचणी). एकेटीचं (इन्सुलिनचा निरोप पुढे नेणारं एन्झाइम) सेरिन ४७३ आणि जीएसके-३ बीटाचं (सिंथेजवर फॉस्फेट बसवणारं एन्झाइम) सेरिन ९, दोन्ही पट्ट्या गडद व्हायला हव्यात. सिंथेजची (सेरिन ६४१) मात्र फिकी. नवखे इथेच फसतात: जीएसके-३ वर फॉस्फेट बसलं की ते बंद पडतं, आणि सिंथेजवरचं फॉस्फेट निघालं की ते चालू होतं. एकेटीच हललं नाही तर इन्सुलिन किंवा पेशी बघा. तिन्ही पट्ट्या बरोबर आल्या तर दोष मोजणीत.

ऐरोलीकर: आधी धुणं आणि बिनएन्झाइमचा भाग करून बघतो. ब्लॉट नंतर.

पिपेटवाली: कंट्रोलचा आकडा किती उतरतो तेवढं इथे टाका.