जुन्या गाडीच्या इंजिनातून खडखड, मेकॅनिक इंजिन उतरवायचं म्हणतोय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
गाडी बाबांची, 2009 ची पेट्रोल हॅचबॅक, 1.2 लिटर, इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला टायमिंग बेल्ट नाही चेन आहे, रनिंग 1 लाख 30 हजारच्या पुढे. सातारा-पुणे येणंजाणं असतं त्यामुळे हायवेच जास्त. पावसाळ्यानंतर इंजिनातून आवाज सुरू झालाय आणि आता वाढत चाललाय.

आवाज नक्की कसा ते लिहितो. सकाळी गार इंजिन स्टार्ट केलं की पहिले दोन-तीन सेकंद फॅन बेल्टच्या बाजूने खर्रर्र, पत्र्याच्या डब्यात साखळी हलवल्यासारखा, मग आपोआप बंद. ऑइलचा लाल दिवापण स्टार्ट झाल्यावर जरा रेंगाळून जातो असं वाटतं. आणि गाडी गरम झाली की 2000 आरपीएमच्या आसपास पातळ टिर्रर्र येतो, पुण्याहून येताना खंबाटकी चढताना तर सतत, पण रेस वाढवली की जातो आणि सोडली तरी जातो. क्लच दाबून बघितला, एसी बंद-चालू करून बघितला, काही फरक नाही.

नेहमीच्या मेकॅनिकने बॉनेट उघडून रेस देऊन ऐकलं आणि म्हणाला बेअरिंग वाजतायत, इंजिनकाम निघालंय, 40 हजार धरून चाला. धूर नाही, ऑइल पीत नाही, पिकअप आहे तसाच आहे, मग एवढं मोठं काम कसं काय हे मला पटत नाहीये. पैशाचं तर आहेच, पण आईला दवाखान्यात न्यायला हीच गाडी आहे, ती खोलून पडली तर आमची फार अडचण होते.

इंजिन न खोलता आवाज कुठला हे पक्कं कसं करायचं? आणि तोपर्यंत चालवू का नको?

डोंगरवाट:
दादा, हे दोन वेगळे आवाज आहेत, एकत्र धरू नका. आधी गरमचा बघा. गाडी उभी करून हँडब्रेक लावा, न्यूट्रलमध्ये हळूहळू 2000 पर्यंत रेस न्या. उभ्या गाडीतही तोच टिर्रर्र आला तर लोडचा किंवा पेट्रोलच्या नॉकिंगचा (पेट्रोल सिलिंडरमध्ये अवेळी पेटून येणारा आवाज) विषय जवळजवळ संपला, कारण नॉकिंग लोडवर येतं. मग इंजिन पूर्ण गार झाल्यावर सायलेन्सरच्या वरचं हीट शील्ड, म्हणजे तो पातळ पत्रा, हाताने हलवून बघा. बोल्टच्या भोकाशी गंजून सुटलेला असतो आणि एका ठराविक आरपीएमलाच थरथरतो. स्टीलच्या होज क्लिपने आवळला की काम होतं. गरम असताना हात लावू नका, भाजेल.

पाना_पक्कड:
सकाळच्या आवाजाबद्दल. चेनचा टेन्शनर ऑइल प्रेशरवर ताण धरतो. रात्रभरात ऑइल खाली उतरलं की प्रेशर येईपर्यंत चेन ढिली वाजते, तुमचा लाल दिवा रेंगाळतोय तेही त्यातच बसतं. ऑइल फिल्टरच्या आत एक रबरी व्हॉल्व्ह असतो, तो ऑइल मागे जाऊ देत नाही, हलक्या फिल्टरमध्ये तो नीट बसत नाही. म्हणून पहिलं काम, सपाट जागेवर डिपस्टिक बघा, मग चांगला फिल्टर आणि गाडीच्या पुस्तकात लिहिलंय त्याच ग्रेडचं ऑइल टाका. जुनी गाडी म्हणून जाड ऑइल घालू नका, गार इंजिनमध्ये ते वर पोचायलाच वेळ लागतो.

बेअरिंग गेलं असतं तर जड ठकठक आली असती आणि लोडवर वाढली असती, तीही स्टार्टनंतर थांबली नसती. तरी खात्री हवी तर ऑइल प्रेशर स्विच काढून तिथे गेज लावायला सांगा, गार आणि गरम दोन्ही रीडिंग घ्या. हे केल्याशिवाय इंजिन उतरवायला अजिबात होकार देऊ नका राव.

आणि चालवायचं का? खर्रर्र दोन-तीन सेकंदात थांबतोय तोवर जवळपास चालवा, रेस न देता. पण तो गरम इंजिनमध्ये आयडलवर यायला लागला किंवा चालताना लाल दिवा लागला तर तिथेच बंद करून टो करा. चेन दातावरून सरकली तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनला लागतात, मग खरंच मोठं काम निघतं.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. न्यूट्रलमध्येही टिर्रर्र आला आणि शील्डचा पुढचा बोल्ट भोकासकट गंजून गेला होता. क्लिप लावली, तो आवाज पूर्ण गेला, बाबा स्वतः चालवून आले. ऑइल आणि फिल्टर बदलल्यावर सकाळचा खर्रर्र कमी झालाय पण आहे, लाल दिवा मात्र आता लगेच जातो. म्हणजे टेन्शनर बघावा लागेल असं दिसतंय. दुसऱ्या एका मेकॅनिकशी बोललोय, तो रविवारी गेज लावतोय. आलेली रीडिंग इथे टाकतो, कृपया बघून सांगा की नुसता टेन्शनर बदलून भागेल का चेन किट पूर्णच घ्यावं.