दुसरी सही आधी की अक्षता आधी? गोव्यातल्या लग्ननोंदणीचे अनुभव

माटोळी

भाच्याचं लग्न ठरलंय, तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला मुहूर्त. मुलगी सावंतवाडीची. परवा व्याह्यांनी फोनवर सहज विचारलं, "नोंदणीचं काय ते लग्न झाल्यावर सावकाश बघू ना?" आणि आमच्याकडे सगळे एकदम बोलायला लागले. त्यांचं काही चुकलं नाही. महाराष्ट्रात आधी लग्न लागतं, मग पत्रिका, फोटो आणि भटजींची सही घेऊन नोंदणीला जातात. आमच्याकडे गाडी उलटी. पोर्तुगीज 1961 साली गेले, पण त्यांचा 1867चा नागरी कायदा 1870पासून इथे बसलाय तो बसलाच, आणि 1910चा लग्नाचा कायदाही. त्या हिशेबाने लग्न म्हणजे दोघांनी सरकारी दप्तरात केलेला करार. होम, सप्तपदी हे घरच्यांचं आणि देवाचं.

नवख्यांसाठी: तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे आधी पहिली सही. जन्मदाखले, पंचायतीचा किंवा पालिकेचा रहिवासी दाखला, दोन साक्षीदार. मग हरकतीसाठी नोटीस फळ्यावर लागते. पंधरा दिवस गेल्यावर, पण तीन महिन्यांच्या आत, दुसरी सही. ती झाली की कायद्याने नवरा-बायको. या दोन सह्यांच्या मधल्या दिवसांत तुमच्याकडे काय काय झालं, ते लिहा. व्याह्यांना वाचायला देणार आहे, तेव्हा शिव्या जरा कमी.

केरीची

माझं 2011चं. दुसरी सही मंगळवारी, लग्न रविवारी. ऑफिसात माझी आई, काका, नवऱ्याचे आई-वडील आणि एक मित्र. मी आईची जुनी हिरवी साडी नेसले होते, कारण "खरं लग्न" रविवारी. कारकुनाने ते भलंमोठं रजिस्टर उघडलं आणि माझं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव मोठ्याने वाचलं. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. त्या खोलीत त्यांचं नाव कोणी उच्चारेल हे डोक्यातच नव्हतं. आई पदर तोंडाला लावून बाहेर गेली. रविवारी मंगलाष्टकांत मी अजिबात रडले नाही, सगळं मंगळवारीच झालं होतं.

बाहेर येऊन समोरच्या हॉटेलात पातळभाजी-पाव खाल्ला. मग तो त्यांच्या गाडीने गेला, मी आईबरोबर रिक्षाने माहेरी. कायद्याने त्याची बायको, आणि सासूबाई म्हणाल्या, "रविवारी ये गो."

वाटसरू

आमचं प्रेमप्रकरण, घरी पत्ता नव्हता. पहिली सही करून टाकू, पंधरा दिवसांत घरच्यांना समजावू असा बेत. एक गोष्ट विसरलो. गोव्यात सिव्हिल रजिस्ट्रार आणि सब-रजिस्ट्रार एकच. ज्या ऑफिसात लग्नं होतात तिथेच जमिनींची खरेदीखतंही. पाचव्या दिवशी हिचा मामा भाटाच्या, म्हणजे माडांच्या जमिनीच्या, सेलडीडसाठी तिथे गेला. नंबर यायला दोन तास. माणूस दोन तास काय करणार? फळा वाचणार. पंख्याखाली फडफडणारा कागद बोटाने दाबून धरून त्याने भाचीचं नाव दोनदा वाचलं, मग फोटो काढून घरी पाठवला.

हरकत कोणी घेतली नाही, ती अशी उगाच घेताही येत नाही. नातं, वय, आधीचं लग्न असं काही कायदेशीर लागतं. जात वेगळी हे कारण चालत नाही. पण ते दहा दिवस मी माझ्या वैऱ्यालाही देणार नाही. आता तोच मामा आमच्याकडे चवथीला, म्हणजे गणपतीला, सगळ्यांत आधी येतो.

शेणै_कामत

@वाटसरू, आमच्याकडे याउलट, फळ्यावर वाचून मावशीने नेकलेस करायला टाकला. कोणी सांगितलं नाही म्हणून रुसलीही.

सुकी सुंगटां

तीन महिन्यांचं गांभीर्याने घ्या. आमची पहिली सही झाली, आठवड्यात आजी गेली. घरात शुभकार्य नको असं ठरलं. सही म्हणजे शुभकार्य की सरकारी काम, यावर दोन काकांत वाद झाला. एक म्हणे कागद आहे, दुसरा म्हणे मग पेढे कशाला वाटता. वादात मुदत निघून गेली. पुन्हा जाऊन पहिल्यापासून सुरुवात. नवे रहिवासी दाखले, नवी नोटीस, आणि साक्षीदारांपैकी एक तोवर दुबईला.

नाव नको

हे लिहायला बराच वेळ घेतला. आमच्याकडे दुसरी सही लग्नाच्या दोन महिने आधी उरकली, कारण मुलाला परदेशात कागद दाखवायचे होते. हॉल, कॅटरर, सगळं ठरलेलं. मग देण्याघेण्यावरून बिनसलं आणि लग्न मोडलं. मोडलं म्हणजे वाड्यावरच्या भाषेत. कायद्याच्या भाषेत मी विवाहित. एक दिवसही एकत्र राहिलो नाही, मंगळसूत्र घातलं नाही, तरी वकील गाठून कोर्टात जावं लागलं. सव्वा वर्ष गेलं. मधल्या काळात एक स्थळ आलं, त्यांना सांगावं लागलं. त्यांनी समजून घेतलं नाही आणि मला तेव्हा त्यांचा राग आला, आता येत नाही.

लोक म्हणतात "फक्त सही तर आहे". बायांनो, पहिली सही तीन महिन्यांच्या हिशेबात हवी तेवढी आधी करा, दुसरी शक्यतो लग्नाच्याच आठवड्यात. परदेशाचं कारण असेल तरीही.

भाटातली

माझं सहीचं नाही, सहीनंतरचं. लग्नाआधी नोटरीकडे जाऊन वेगळा करार केला नाही, तर दोघांची मालमत्ता एकत्र, निम्मी-निम्मी. हा करार लग्नाच्या आधीच, नंतर सुचून उपयोग नाही. आम्हाला कोणी विचारलंही नव्हतं, आणि विचारलं असतं तर सासरे म्हणाले असते, लग्नाआधीच वाटणीच्या गोष्टी!

वडिलांचं नारळाचं भाट विकायला काढलं तेव्हा कळलं. आम्ही पाच भावंडं, मुलींचाही मुलांएवढाच वाटा, आणि प्रत्येकाच्या जोडीदाराची सही. म्हणजे दहा. माझा नवरा तारवटी, बोटीवर कामाला, तेव्हा भूमध्य समुद्रात कुठेतरी. त्याचं मुखत्यारपत्र येईपर्यंत खरेदीदार रोज फोन करून विचारायचा, "बोट लागली का?" भावाची बायको तेव्हा म्हणाली, "मला वाटायचं मी या घरात आश्रित आहे. आज कळलं माझ्याशिवाय तुमचं एक झाडसुद्धा विकलं जात नाही." त्या दिवसापासून तिचा आवाज जरा चढलाच. चढू दे.

पोर्वोरी बाब्या

मित्राच्या लग्नाला साक्षीदार होतो, तो ख्रिश्चन, सासष्टीचा. त्यांचं थोडं निराळं. पहिली सही ऑफिसात, मग सिव्हिल रजिस्ट्रारचं ना-हरकत पत्र घेऊन चर्चकडे. चर्चमध्ये रविवारच्या मिसाला, म्हणजे प्रार्थनेला, नावं वाचतात, म्हणजे त्यांचा फळा बोलका. दुसरी सही चर्चच्या रजिस्टरात, आणि तिथला उतारा सरकारी दप्तरात चढतो. त्यामुळे त्यांची तारीख एकच. माझ्या दोन आहेत, सहीची आणि मुहूर्ताची. बायको दोन्ही दिवशी बघते मला आठवतंय का.

दोडामार्गची सून

@माटोळी, तुमच्या सुनेच्या बापाला माझा निरोप द्या: दाखला आजच काढून बघा. मी पलीकडची, महाराष्ट्रातली. माझ्या जन्मदाखल्यावर आई-बापाचं नाव, तारीख, "स्त्री", आणि नावाची जागा कोरी. शाळेत, आधारवर, सगळीकडे नाव होतं, जन्माच्या नोंदीत मी बिननावाची. बारशाच्या आधी नोंद झाली आणि नंतर कोणी गेलंच नाही. ते चढवून घ्यायला तीन फेऱ्या. शिवाय अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र मागितलं. बाबा म्हणाले, "आम्ही सांगतोय ना!" कारकून शांतपणे म्हणाला, "ते कागदावर सांगा."

जुना पेडणेकर

कागद कशाला लागतात ते आमच्या पिढीला विचारा. आईच्या लग्नाचा उतारा इन्व्हेंटरीसाठी, म्हणजे वारसांच्या वाटणीसाठी, काढला, तर सगळं पोर्तुगीजमध्ये, सुंदर तिरप्या अक्षरात. परबाचं पोरोबो, कामतांचं कामोतिम. आमचंही आडनाव असंच वळवलेलं. शाळेच्या दाखल्यावर एक, तिथे दुसरं. दोघे एकच हे सिद्ध करण्यात माझी निवृत्तीनंतरची पहिली दोन वर्षं छान गेली. पण नोंद होती म्हणून सिद्ध तरी झालं. धाकट्या काकांनी पहिली सही केली, लग्न देवळात थाटात लावलं आणि दुसऱ्या सहीला गेलेच नाहीत. काकूला ते पेन्शनच्या वेळी कळलं. चार मुलं, सहा नातवंडं, आणि खिडकीपलीकडचा मुलगा विचारतो, "आजी, लग्नाचं सर्टिफिकेट?"

माटोळी

सगळ्यांना धन्यवाद, विशेषतः 'नाव नको' यांना. धागा व्याह्यांना पाठवला. त्यांनी लगेच दाखला काढला, नाव आहे, पण स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त. पहिली सही गणपती झाल्यावर, तीन महिन्यांचा हिशेब कॅलेंडरवर पेन्सिलने मांडलाय. भाऊजी म्हणाले पितृपक्षात नको, म्हणून आणखी पुढे. दुसरी सही लग्नाच्या तीन दिवस आधी.

एकच ठरायचंय. त्या दिवशी सही झाल्यावर मुलगी आमच्याकडे जेवायला येणार का? वहिनी म्हणते मंगळसूत्राआधी उंबरठा नको. मग हॉटेलात जेवायचं आणि ती संध्याकाळी पत्रादेवीचा नाका ओलांडून माहेरी. भाचा म्हणतो, "म्हणजे बायकोला मीच सोडून येऊ?" वहिनी म्हणाली, "नको. काका सोडतील."