आंग्रे चाचे होते का? पोराच्या प्रोजेक्टसाठी विचारतोय

सांगलीचा_भडंग:
पोराला शाळेतनं विषय आलाय, कोकणातले समुद्री चाचे. आमच्याकडं पाणी म्हणजे कृष्णा, ते पण पुरात घरात येतं तेवढंच. नेटवर बघितलं तर इंग्रजी साइटवर कान्होजी आंग्रे सरळ पायरेट म्हणून दिलेत. डोकंच फिरलं, पण जहाजं धरायचे न् पैसे घ्यायचे हे पण खरंच की. काय लिहू?

कंदी_पेढा:
चाचे नाही ओ, सरखेल. आरमाराचे प्रमुख. आधी ताराराणींच्या बाजूला होते, शाहू महाराजांचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच धरून ठेवलेलं, मग १७१३ ला महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवाई दिली न् त्यांनी बोलणी करून आंग्र्यांना सातारच्या गादीकडं वळवलं. छत्रपतींचा हुद्देदार चाचा कसा?

गलबत७७:
आणि पैसे म्हणजे दस्तकाचे, म्हणजे परवान्याचे. आमच्या पाण्यातनं माल न्यायचाय तर दस्तक घ्या, नाही घेतलं तर गुराबा न् गलबतं, म्हणजे आरमाराची जहाजं, मागं लागणार. पोर्तुगीज दोनशे वर्षं हेच करत होते, त्यांच्या परवान्याला कार्ताझ म्हणायचे, त्यांना कोण चाचे म्हणत नाही. इंग्रज दस्तक घ्यायला तयार नव्हते, भांडण तिथंच.

सांगलीचा_भडंग:
पण १७१२ ला मुंबईच्या गव्हर्नरची यॉट धरली, त्यातल्या इंग्रज बाईला सोडायला ३०,००० रुपये घेतले असं वाचलं. हे पण दस्तकात बसतं का 😄

गलबत७७:
नाही बसत, खंडणीच ती, लिहा तसं. पण मग विल्यम किडचं पण लिहा. इंग्लंडच्या राजाचा परवाना घेऊन चाचे पकडायला आला न् १६९८ ला आपल्याच किनाऱ्यावर सुरतेच्या व्यापाऱ्यांचा माल भरलेलं जहाज लुटलं. तो म्हणायचा जहाजाकडं फ्रेंच पास होता म्हणजे शत्रूचं जहाज, पण ते पास कोर्टात आलेच नाहीत, १७०१ ला लंडनमध्ये फाशी. कागद असला तर प्रायव्हेटियर, म्हणजे सरकारी परवान्यानं शत्रूची जहाजं लुटणारा, नसला की चाचा, एवढंच ते.

कंदी_पेढा:
कान्होजींचा मुलगा तुळाजी आंग्र्यांचं पण टाका. पेशव्यांशी बिनसलं, नानासाहेबांनी इंग्रजांना सोबत घेतलं, फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचे वॉटसन न् क्लाइव्ह तुळाजींच्या विजयदुर्गावर चालून आले, आरमार जळालं, किल्ल्यातली लूट इंग्रजांनीच वाटून घेतली. पेशव्यांना काही नाही.

सांगलीचा_भडंग:
पोरगं विचारतंय, मग चाचे म्हणून क्लाइव्हचा फोटो लावू का 😂