मदत हवी आहे: स्कॉटलंडच्या डग्लस घराण्याची ताकद नेमकी कशात होती?

नमस्कार मंडळी,

गेल्या सप्टेंबरात लेकीकडे ग्लासगोला गेले होते, तेव्हा आम्ही दक्षिणेकडचा थ्रीव्ह किल्ला पाहिला. डी नदीतल्या बेटावर आहे. शेतांमधून बरंच चालायचं, काठावरची घंटा वाजवायची, मग पलीकडून नावाडी छोटी होडी घेऊन येतो. किल्ला म्हणजे छप्पर उडालेला एकच उंच दगडी बुरूज. दाराच्या बरोबर वर, खूप उंचावर, भिंतीतून एक दगड बाहेर आलेला आहे. त्याला फाशीचा खुंट म्हणतात. या खुंटाला गोंडा नाही असा दिवस जात नाही, अशी डग्लस सरदारांची फुशारकी होती म्हणे. गोंडा म्हणजे लटकणारा माणूस. मान वर करून तो दगड पाहिला आणि पोटात गोळा आला. तेव्हापासून हे घराणं डोक्यातून जात नाही.

पुढच्या महिन्यात आमच्या वाचनालयात मला यावर बोलायचं आहे. टिपणं काढलीत, पण एका जागी अडलेय.

मला समजलं ते असं. सर जेम्स डग्लस हा स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूसचा उजवा हात. १३२९ मध्ये ब्रूस वारला. त्याचं हृदय बरोबर घेऊन जेम्स निघाला आणि १३३० मध्ये स्पेनमध्ये तेबाला लढाईत पडला. म्हणून डग्लसांच्या ढालीवर लाल हृदय असतं. त्याचा अनौरस मुलगा आर्चिबाल्ड गॅलोवेचा, म्हणजे थ्रीव्हच्या आसपासच्या मुलखाचा धनी झाला, पुढे डग्लसचा तिसरा अर्लही (अर्ल म्हणजे वरच्या दर्जाचा सरदार). थ्रीव्ह त्यानेच बांधला.

मग १४४०. सहावा अर्ल विल्यम सोळाएक वर्षांचा, बरोबर धाकटा भाऊ डेव्हिड. राज्याचा चॅन्सेलर, म्हणजे मुख्य कारभारी क्रिक्टन, याने दोघांना एडिंबरा किल्ल्यात जेवायला बोलावलं, राजद्रोहाचा लुटुपुटीचा खटला चालवला आणि मुंडकी उडवली. राजा दुसरा जेम्स तेव्हा दहा वर्षांचा. ताटात काळ्या बैलाचं डोकं आणून ठेवलं ही गोष्ट नंतरची भर आहे, ती मी सांगणार नाही. दोन पोरांना पानावर बसवून मारलं, एवढंच पुरेसं भयंकर आहे.

बारा वर्षांनी तोच राजा आठव्या अर्लला अभयपत्र देऊन स्टर्लिंग किल्ल्यात बोलावतो. अर्लने क्रॉफर्डच्या अर्लशी आणि पश्चिमेकडच्या बेटांच्या सरदाराशी केलेला करार मोड म्हणतो. तो नाही म्हणतो. राजा स्वतःच्या हाताने सुरा चालवतो, मग दरबारी तुटून पडतात. अंगावर २६ जखमा होत्या. मागाहून पार्लमेंटने राजाला निर्दोष ठरवलं.

माझं अडलंय ते इथे. राजाकडे न्यायालय होतं, पार्लमेंट होतं. रीतसर खटला भरून शिक्षा का करता आली नाही? आणि १४५५ मध्ये हे घराणं बुडालं, तरी पुढची तीनशे वर्षं स्कॉटलंडात मोठ्या घराण्यांचंच चालत राहिलं. माणूस मारला, घर बुडवलं, मग ताकद उरली कशात? नुसती जमीन म्हणावी तर मन भरत नाही. जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, उत्तर तुम्ही पाहिलेल्या त्या खुंटातच आहे. फाशी देण्याचा हक्क.

स्कॉटलंडात साध्या बॅरनचंही, म्हणजे लहान जहागीरदाराचंही, स्वतःचं न्यायालय असे आणि रंगेहाथ सापडलेल्या चोराला तो फासावर चढवू शकत असे. त्याच्या वर होती रीगॅलिटी. ज्याच्याकडे रीगॅलिटी, त्याच्या मुलखात खून, दरोडा, बलात्कार, जाळपोळ, सगळ्याचा निवाडा तोच करणार. राजद्रोह तेवढा बाहेर. राजाचे अधिकारी आत पाऊल टाकू शकत नसत. इतकंच काय, राजाच्या न्यायालयात उभा केलेला माणूसही 'हा माझा, याचा न्याय मी करीन' म्हणून सरदार परत घेऊन जाई. हा हक्क सनदेने मिळायचा आणि बापाकडून मुलाकडे यायचा. 'वतन' म्हटलंत तर आपल्या लोकांना चटकन कळेल, फक्त हे प्रत्यक्ष न्यायाचं वतन होतं हे आवर्जून सांगा.

त्यात बाँड ऑफ मॅनरेंटची भर. लहान सरदार मोठ्याला लिहून देई, की तुमच्या भांडणात मी माणसं घेऊन उभा राहीन. बदल्यात मोठा त्याला पाठीशी घालणार. राजाकडे खडं सैन्य नव्हतं, त्यालाही ह्याच सरदारांची माणसं बोलवावी लागत. मग डग्लसवर खटला भरला तरी त्याला पकडून आणायचं कोणी? स्टर्लिंगच्या खोलीत राजा त्या कराराला एवढा का घाबरला ते यावरून लक्षात येईल. हे तीन मोठे सरदार एकत्र आले असते तर राजाच्या बाजूला फार थोडे उरले असते.

प्रतिसाद

वरच्यात थोडी भर. काळे डग्लस, म्हणजे ताईंनी सांगितलेली शाखा, राजाने एकट्याने बुडवले नाहीत. १ मे १४५५ ला आर्किनहोमला त्यांना हरवलं ते सीमेवरच्या घराण्यांनी, आणि त्यांच्यात अँगसचा अर्ल होता, म्हणजे लाल डग्लस, त्यांचेच भाऊबंद! गॅलोवे राजाने खालसा केलं आणि यापुढे पार्लमेंटच्या संमतीशिवाय नवी रीगॅलिटी द्यायची नाही असंही ठरलं, पण ज्यांच्याकडे आधीच होत्या त्यांच्या तशाच राहिल्या. पुढे कॅम्पबेल आणि गॉर्डन ही घराणी वाढली ती ह्याच चौकटीत. १७०७ च्या इंग्लंडशी एकीकरणाच्या करारातसुद्धा विसाव्या कलमाने हे हक्क मालमत्ता म्हणून राखले आहेत. १७४६ च्या कलोडनच्या लढाईत बंड मोडल्यानंतर कायदा करून ते काढले, तेही भरपाई देऊन. एकट्या अर्गाइलच्या ड्यूकला, म्हणजे कॅम्पबेलांच्या प्रमुखाला, २१ हजार पौंड मिळाले.

आणि मार्गारेटला विसरू नका. १४४० मध्ये मारलेल्या मुलांची ही बहीण. पदवी गेली चुलत आजोबांकडे, पण गॅलोवे आलं हिच्याकडे. म्हणून चुलत आजोबांच्या मुलाशी, म्हणजे नात्याने चुलत काकाशी, तिचं लग्न लावलं. तोच स्टर्लिंगला मेलेला आठवा अर्ल. मग त्याच्या भावाशी लग्न, आणि घराणं बुडाल्यावर राजाच्या सावत्र भावाशी. मुलूख जिकडे जायचा तिकडे तिला जावं लागलं.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. मार्गारेटचं वाचून बराच वेळ गप्प बसले होते. माझ्या टिपणांत तिचं नावसुद्धा नव्हतं, आता ती असणार.

सुरुवात मी सुऱ्याने करणार होते. ते बदललं. आधी थ्रीव्हचा खुंट, मग रीगॅलिटी, मग स्टर्लिंग. रीगॅलिटीला 'न्यायवतन' म्हटलं तर चालेल का? श्रोत्यांत बरीच ज्येष्ठ मंडळी असतात, त्यांना हा शब्द खटकू नये.

प्रतिसाद

'न्यायवतन' चांगला आहे, पहिल्यांदा वापराल तेव्हा एका वाक्यात फोड करून सांगा. ऐकणारे आपले आहेत, तर आणखी एक दुवा देते. पुण्याचा रेसिडेंट आणि नंतर मुंबईचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टनचा चौथा मुलगा. न्यायाचे हक्क गेल्यावरच्या पिढ्यांतला. थोरल्याला पदवी आणि जमीन, धाकट्यांनी कंपनीची नोकरी धरायची, अशी तेव्हा अनेक स्कॉटिश घराण्यांची रीत. त्याचे वडील एडिंबरा किल्ल्याचे गव्हर्नर होते. ज्या किल्ल्यात त्या दोन भावांना जेवायला बोलावलं होतं, तोच.